लिंबाखालचा दगड

"भाऊ, हे मशीन लिंबाखाली चालते का?"

हिंगणघाटजवळच्या एका वावरात म्हाताऱ्या शेतकऱ्याने हा प्रश्न विचारला, तेव्हा कंपनीचा प्रतिनिधी यंत्राच्या आठ मिलिमीटरच्या अचूकतेबद्दल सांगत होता. तो क्षणभर थांबला, हसला आणि पुन्हा आठ मिलिमीटरकडे वळला. म्हातारबा काही बोलले नाहीत. त्यांच्या धुऱ्याचा कोपऱ्याचा दगड लिंबाच्या बुंध्यापासून चार हातांवर आहे.

मोजणीची सरकारी कामे घेणारे माझे एक स्नेही आहेत. भूसंपादनाच्या मोजणीसाठी निविदा भरायची म्हणून त्यांना उपग्रहावर चालणारे रोव्हर घ्यायचे होते. "माहितीपत्रकावर सगळेच सारखे. वावरात उभं करून पाहतो," असे ते म्हणाले, म्हणून मी गेलो. डिसेंबर होता. कापसाची वेचणी चालू होती आणि तुरीच्या फुलोऱ्यावर मधमाश्या घोंगावत होत्या. तीन कंपन्यांचे तीन संच धुऱ्यावर मांडलेले.

रोव्हर म्हणजे दोन मीटरच्या काठीवर बसवलेला लहानसा डबा. तो भारताच्या, अमेरिकेच्या, रशियाच्या, युरोपच्या, चीनच्या उपग्रहांचे संदेश घेतो. नुसत्या त्यावर काही मीटरची चूक राहते. ती काढण्यासाठी जागा पक्की माहीत असलेले दुसरे केंद्र लागते. सर्व्हे ऑफ इंडियाने भूमी अभिलेख विभागाबरोबर राज्यात अशी 77 कायमची केंद्रे उभारली. त्यांच्याकडून दुरुस्ती मोबाइलच्या इंटरनेटवरून येते आणि चूक दोन-तीन सेंटिमीटरवर उतरते. पडद्यावर 'फिक्स' दिसले की बिंदू घ्यायचा, 'फ्लोट' दिसले की थांबायचे. मोबाइलची रेंज नसेल तर स्वतःचे बेस यंत्र आणि रेडिओ बरोबर हवा.

उघड्या वावरात तिन्ही संचांनी मिनिटाच्या आत फिक्स दाखवले. मग एक निवृत्त भूकरमापक उठले. उमेदीतली वर्षे त्यांनी साखळी आणि प्लेन टेबलवर काढली, आता माझ्या स्नेह्यांकडे काम पाहतात. ते लिंबाखाली उकिडवे बसले, दगडाभोवतीची काळी माती बोटांनी उकरली, हरळीची मुळे तोडली, दगडाचा माथा तळहाताने पुसला. माथ्यावर जुनी छिन्नीची खूण होती. काठीचे टोक त्यांनी त्या खुणेवर टेकवले आणि पाणपातळीचा बुडबुडा मध्ये आणला. यंत्रात वाकडी काठी सावरून घेण्याची सोय आहे, असे प्रतिनिधीने सांगितले. "असू द्या," ते म्हणाले, "आपण सरळच धरू."

पानांतून संदेश गाळून येतात, खोडावर आपटून येतात. यंत्राला थेट आलेला आणि आपटून आलेला संदेश वेगळा ओळखावा लागतो. पहिला संच दहा मिनिटे फ्लोटवरच राहिला. दुसऱ्याने मिनिटात फिक्स दिले आणि प्रतिनिधीचा चेहरा खुलला. भूकरमापकांनी यंत्र बंद केले, पुन्हा चालू केले, पुन्हा बिंदू घेतला. असे तीन वेळा. प्रत्येक आकडा पेन्सिलने वहीत. तिसऱ्या वेळी तोच दगड सत्तावीस सेंटिमीटर सरकला होता आणि पडद्यावर मात्र फिक्सच होते. सावलीबाहेर दोन खुंट्या ठोकून, त्यांची जागा यंत्राने घेऊन, तिथून दगडापर्यंत टेप ओढला तेव्हा ते फिक्स खोटे होते याबद्दल शंका उरली नाही.

सत्तावीस सेंटिमीटर. दोनशे मीटरच्या धुऱ्यावर तेवढी पट्टी सरकली तर चोपन्न चौरस मीटर होतात, म्हणजे अर्ध्या गुंठ्याहून जास्त. इकडे याहून कमी जमिनीसाठी भावाभावांचे बोलणे तुटते. फ्लोट निदान कबूल तरी करतो की मला कळले नाही. खोटे फिक्स थेट मोजणी नकाशाच्या 'क' प्रतीत जाऊन बसते.

तिसऱ्या संचाला चार मिनिटे लागली, पण त्याचे तिन्ही आकडे तीन सेंटिमीटरच्या आत आले. किंमत मात्र तिघांत जास्त.

परतताना माझ्या मनात विल्यम लॅम्ब्टन होते. 1802 मध्ये मद्रासला पायारेषा मोजून ज्यांनी हिंदुस्थानची त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली, ते 20 जानेवारी 1823 रोजी याच हिंगणघाटात, कामावर असतानाच वारले. त्यांची कबर इथेच आहे. त्यांचा थिओडोलाइट अर्ध्या टनाचा. 1808 मध्ये तंजावरला देवळावर चढवताना तो आपटला, तेव्हा आठवडेच्या आठवडे बसून त्यांनी तो स्वतः नीट केला. त्यांची मोजणी 78 अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकली. आज रोव्हरमध्ये जो नकाशा-पट्टा निवडावा लागतो, त्यातल्या 43 आणि 44 या पट्ट्यांची सीमा नेमकी हीच 78 रेखांशाची रेघ. वर्धा 44 मध्ये, अमरावती शहर 43 मध्ये. तिकडचे काम संपवून इकडे आलेल्याने पट्टा बदलला नाही, तर आठ मिलिमीटरचे यंत्रही आकडा भलताच देते. म्हणून भूकरमापक सकाळी यंत्र हातात घेताच आधी पट्टा पाहतात.

स्नेह्यांनी भरायची निविदा मी वाचली. उपग्रहांचे संदेश घेणारे चॅनल किती, उघड्या आकाशाखाली अचूकता किती, धूळ-पाण्याला टिकते का, शेजारी देशातल्या बोलीदाराची 2020 च्या नियमाप्रमाणे नोंदणी आहे का, हे सगळे त्यात होते. झाडाखाली काय, हे कुठेच नव्हते. कागदावर तिन्ही संच पात्र ठरतात आणि मग काम सर्वांत कमी दराला जाते. दर कमी करायचा तर ठेकेदार पहिला हात यंत्राच्या किमतीलाच घालतो. माझ्या स्नेह्यांनी तिसराच संच घेतला. त्या पैशात दुसऱ्या संचाची दोन यंत्रे आली असती.

यंत्राची अट लिहिणाऱ्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. आणखी एक ओळ घाला: यंत्र झाडाखालच्या माहीत असलेल्या दगडावर, तीनदा बंद-चालू करून, तीनदा मोजून दाखवावे. आपल्याकडे धुऱ्यावर लिंब आहे, बाभूळ आहे, आणि हद्दीचे दगड त्यांच्याच सावलीत आहेत.