पेंढ्यातली साखर आणि कासूचे भात

पेण-रोहा लोहमार्गावरील कासूच्या परिसरात पावसाळी भातशेती होते, आणि तेथून जवळच नागोठण्याला नैसर्गिक वायूतील घटकांपासून इथिलीन व त्यापासून प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणारा पेट्रोरसायन कारखाना आहे. वरवर पाहता या दोहोंचा काही संबंध दिसत नाही. परंतु इथिलीनमधला कार्बन भूगर्भातूनच यायला हवा, असे मुळीच नाही. इथेनॉलच्या रेणूतून पाणी काढून टाकले की इथिलीन मिळते, आणि उत्तराखंडातील काशीपूर येथे इंडिया ग्लायकॉल्स ही कंपनी मळीपासूनच्या इथेनॉलवर याच वाटेने ग्लायकॉल बनवत आली आहे.

मळीत साखर आयती मिळते, पेंढ्यात मात्र ती कोंडलेली असते. पेंढ्याच्या वजनात सुमारे एक तृतीयांश सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या रेणूंच्या लांब साखळ्या, आणि त्याहून काहीसे कमी हेमिसेल्युलोज असते, ज्यातून मुख्यतः झायलोज ही वेगळी साखर निघते. या दोहोंना लिग्निन नावाचे चिवट द्रव्य घट्ट धरून ठेवते. शिवाय भातात सिलिका भरपूर असते. भाताचे पान हातावर ओरखडा काढते ते तिच्यामुळेच, आणि कारखान्यात पेंढा कापणारी पातीही तीच झिजवते. म्हणून पेंढा प्रथम सौम्य आम्ल आणि वाफेने सैल करावा लागतो, मग विकरे सेल्युलोजच्या साखळ्या तोडतात आणि मोकळ्या झालेल्या ग्लुकोजपासून यीस्ट इथेनॉल बनवते. ही विकरे ज्या बुरशीपासून मिळवतात, तिचे मूळ वाण दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजवताना सापडले होते. अडचण झायलोजची आहे, कारण नेहमीच्या यीस्टला ती आंबवता येत नाही आणि त्यासाठी खास सुधारित वाण लागते.

या विद्येत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत विकसित झालेल्या पद्धतीवर दररोज 10 टन शेतकचरा हाताळणारा प्रात्यक्षिक प्रकल्प 2016 मध्ये काशीपूरलाच सुरू झाला; तर पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजच्या तंत्रज्ञानावर इंडियन ऑइलने पानिपत येथे उभारलेला, 900 कोटी रुपयांहून अधिक खर्चाचा प्रकल्प 10 ऑगस्ट 2022 रोजी राष्ट्राला अर्पण झाला. वर्षाला 2 लाख टन पेंढ्यापासून सुमारे 3 कोटी लिटर इथेनॉल, म्हणजे टनामागे 150 लिटर, असे त्याचे नियोजन आहे.

हाच हिशेब कासूकडे वळवला की खरी अडचण कळते. हेक्टरी 3 टन पेंढा धरला, तरी तेवढ्या कारखान्याला सुमारे 67 हजार हेक्टरांवरचा सगळा पेंढा लागेल, आणि हा रायगड जिल्ह्यातील भातक्षेत्राचा निम्म्याहून मोठा भाग होतो. पंजाब-हरियाणात पुढच्या पेरणीच्या घाईपोटी पेंढा शेतातच जाळला जातो. कोकणात मात्र तो गुरांची वैरण आहे, खाचरे लहान आहेत, आणि सुटा पेंढा वजनाला हलका पण जागेला भारी असल्याने वाहतुकीचाच खर्च नफा खाऊन टाकतो. गुरांच्या तोंडचा चारा काढून मोटारींना इंधन पुरवणे हा सौदा शेतकऱ्याच्या हिताचा म्हणता येणार नाही.

तुसाची गोष्ट निराळी आहे. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा असलेले तूस गुरे खात नाहीत, आणि ते भातगिरणीत आपोआप एका जागी जमा होते. लिग्निन व सिलिका जास्त असल्याने इथेनॉलसाठी ते गैरसोयीचे, परंतु त्यातील हेमिसेल्युलोज आम्लासह तापवले असता फर्फ्युरल हे द्रव रसायन मिळते, जे ओतकामाच्या साच्यांना लागणाऱ्या राळेसाठी आणि वंगणतेल शुद्ध करण्यासाठी वापरतात. अमेरिकेतील क्वेकर ओट्स या धान्यकंपनीने 1922 च्या सुमारास ओटच्या फोलपटांपासून ते व्यापारी प्रमाणावर काढायला प्रारंभ केला होता. शिल्लक राहणारे लिग्निनयुक्त तूस बॉयलरमध्ये जाळून वाफ मिळते आणि त्याच्या राखेतली सिलिका सिमेंट-काँक्रीटमध्ये वापरता येते. म्हणून या टापूत वनस्पतीजन्य रसायनांचा विचार करायचा, तर तो इंधनाच्या टाकीपासून सुरू न करता भातगिरणीच्या मागच्या तुसाच्या ढिगापासून करावा, हे अधिक व्यवहार्य ठरेल.