पैनगंगेच्या दोन काठांवरची राजभाषा

फुलसावंगीकडून माहूरला रेणुकेच्या दर्शनाला जाताना पैनगंगा ओलांडावी लागते. दोन्ही काठांवर मराठीच, पण शंभर वर्षांपूर्वी ही नदी ओलांडली की सरकारची भाषा बदलायची. अलीकडचा वऱ्हाड 1853 पासून इंग्रजांच्या कारभाराखाली होता. वरच्या कचेऱ्यांत इंग्रजी, खाली मराठी. पलीकडे निजामाच्या राज्यात 1880 च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू आली. किनवट-माहूरच्या मराठी माणसाच्या दाव्याचा निकाल त्याला न कळणाऱ्या भाषेत लागे.

युरोपात दक्षिण टायरोलच्या जर्मन भाषकांनी हेच भोगले. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचा मुलूख ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला आणि मुसोलिनीच्या राजवटीत जर्मन शाळा बंद झाल्या. जर्मनला तिथे इटालियनच्या बरोबरीचे स्थान प्रत्यक्षात मिळायला 1972 चा स्वायत्ततेचा कायदा यावा लागला. माणसे जागची हलली नव्हती, सरहद्द हलली होती.

वऱ्हाडातही सरहद्दी हलतच राहिल्या. नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशाने 1950 मध्ये हिंदीबरोबर मराठीला राजभाषा केले. 1 नोव्हेंबर 1956 ला पैनगंगेचे दोन्ही काठ द्विभाषिक मुंबई राज्यात एकत्र आले, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला.

मराठीला राजभाषेचे स्थान देणारा 1964 चा अधिनियम झाला तेव्हा मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे, बंजारा समाजातले. ज्या समाजाची घरची बोली गोरमाटी, त्याच्या माणसाच्या कारकिर्दीत मराठीला हा मान मिळाला. याचे ऋण आपण पुरेसे मानलेले नाही, असे मला मनापासून वाटते. गोरमाटी आजही संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांत नाही. याच भागातल्या कोलामांची कोलामीही नाही.

3 ऑक्टोबर 2024 ला मराठी अभिजात ठरली, त्याचा आनंद मोठाच. पण मला तितकाच मोलाचा वाटतो तो एप्रिल 2025 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दू होती. मराठी राजभाषा असली तरी दुसऱ्या भाषेला त्या पाटीवर मज्जाव नाही, असे न्यायालयाने सांगितले. बंजारा तांड्यातले मूल पहिलीत बसते तेव्हा गुरुजींनी त्याच्याशी आधी गोरमाटीत बोलावे, यालाही कोणत्या कायद्याची आडकाठी नाही. महागाव-पुसदच्या शाळांनी एवढे तरी सुरू करावे.