भाषा फार झाल्या म्हणून नव्हे

दुबई-शारजातल्या मराठी घरांत मूल वाचनात मागे पडलं की कारण तयारच असतं : "मॅडम, भाषा फार झाल्या हो त्याला." शाळेत इंग्रजी, हिंदी, सक्तीची अरबी आणि घरी मराठी. तीन लिप्या, त्यातली अरबी उजवीकडून डावीकडे. कारण पटण्याजोगं आहे, म्हणूनच त्याच्या भरवशावर वर्षं निघून जातात.

एका विशेष शिक्षिकेची प्राथमिक चाचणी शेजारी बसून पाहिली. समोर तिसरीतला मुलगा. बुर्जुमानला रेड लाइनवरून ग्रीन लाइनवर कसं जायचं, हे त्याने घडाघडा सांगितलं. मग पुस्तक उघडलं. 'हाउस'चं त्याने 'हॉर्स' केलं. पहिलं अक्षर पाहून पुढचा शब्द अंदाजाने. 'वॉज'चं 'सॉ' झालं. 'ऑफ', 'द' गळून गेले. तोच उतारा बाईंनी वाचून दाखवला, तेव्हा उत्तरं बिनचूक आली. वहीत 'बिकॉज' एकाच पानावर वेगवेगळ्या स्पेलिंगांनी लिहिलेलं होतं.

मग बाईंनी पुस्तक मिटलं आणि मराठीत विचारलं, "'कमळ'मधला 'म' काढला तर काय उरतं, सांग बरं?" बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मळ." "'पाटी'शी जुळणारा शब्द?" "वही." अर्थ जुळला होता, आवाज जुळला नव्हता.

'डिस्लेक्सिया' या वाचन-लेखनातल्या अडचणीचं मूळ बहुधा इथेच असतं : शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात. बुद्धीचा किंवा आळसाचा इथे संबंध नाही. जास्त भाषांमुळे डिस्लेक्सिया होत नाही. नुसती इंग्रजी किंवा अरबी कच्ची असलेलं मूल घरच्या भाषेतल्या भेंड्या सहसा मजेत खेळतं. डिस्लेक्सिया असलेलं तिथेही अडखळतं. देवनागरी बरीचशी उच्चाराप्रमाणे लिहिली जात असल्याने मराठी वाचनात चुका कमी दिसतात, पण वेग रखडतो. जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी घात करतात.

एका खुणेवरून शिक्का मारू नये. सातेक वर्षांपर्यंत 'बी' आणि 'डी'ची उलटापालट अनेक मुलं करतात. पण पाढे आणि वारांचा क्रम लक्षात न राहणं, फळ्यावरून उतरवताना मागे पडणं, डिक्टेशनच्या दिवशी पोट दुखणं, घरात आणखी कुणाला हाच त्रास असणं, अशा खुणा एकत्र आल्या आणि टिकून राहिल्या, तर आधी डोळे-कान तपासून मानसशास्त्रज्ञाकडून रीतसर चाचणी करून घ्यावी.

निदान लपवण्याचं कारण नाही. दुबईत खासगी शाळांवर देखरेख करणाऱ्या केएचडीए या सरकारी संस्थेच्या २०१७च्या सर्वसमावेशक शिक्षण धोरणानुसार केवळ अशा अडचणीमुळे शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. सीबीएसई परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक देते, पण त्यासाठी प्रमाणपत्र लागतं. आवाज आणि अक्षर यांची सांगड टप्प्याटप्प्याने शिकवली, तर ही मुलं वाचू लागतात. ही शिकवणी जितकी लवकर सुरू होईल, तितका 'मी मठ्ठ आहे' हा समज मुलाच्या मनात कमी रुजेल.