जन्मापासूनच पेशी कमी असतील तर

पावसाळ्यात ताप आला की हल्ली घरोघर एकच प्रश्न ऐकू येतो, "पेशी किती आहेत?" डेंग्यूमुळे प्लेटलेट हा शब्द आपल्या परिचयाचा झाला आहे. परंतु काही कुटुंबांत या पेशी तापामुळे नव्हे, तर जन्मापासूनच कमी असतात. त्याविषयी आज आम्ही थोडी माहिती देत आहोत.

प्लेटलेट हे रक्तातील अतिसूक्ष्म कण होत. शेताचा बांध फुटला की आपण मातीच्या पाट्या टाकून पाणी अडवतो, तसे हे कण फुटलेल्या रक्तवाहिनीला चिकटून रक्त थोपवतात. निरोगी माणसाच्या एका मायक्रोलिटर रक्तात ते १,५०,००० ते ४,५०,००० असतात.

उपजत कमतरतेचे प्रकार अनेक आहेत. १९४८ साली फ्रान्समधील बर्नार व सुलिए या डॉक्टरांनी वर्णन केलेल्या विकारात प्लेटलेट थोड्या, आकाराने मोठ्या व चिकटण्यास दुबळ्या असतात. हा दोष बहुधा आई व बाप दोघांकडून आला तरच विकार होतो. म्हणून जवळच्या नात्यात लग्न झालेल्यांच्या मुलांत तो अधिक आढळतो. एमवायएच-९ या जनुकाच्या विकारात मात्र एकाकडूनच दोष आला तरी पुरे. यात पुढे काहींना कमी ऐकू येते, मूत्रपिंड बिघडते किंवा लवकर मोतीबिंदू होतो.

मोठा धोका चुकीच्या निदानाचा. शरीर स्वतःच आपल्या प्लेटलेट नष्ट करते, असा एक वेगळा आजार आहे. उपजत विकार तोच समजला गेला, तर रोग्याला निष्कारण स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात, कधी प्लीहाही काढली जाते, आणि गुण मात्र येत नाही. शिवाय मोठ्या प्लेटलेट यंत्राच्या मोजणीतून सुटतात. म्हणून काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आवश्यक असते.

तेव्हा लहानपणापासून वारंवार घोळणा फुटत असेल, सहज काळेनिळे डाग उठत असतील, दात काढल्यावर रक्त थांबत नसेल, मासिक पाळीत फार रक्त जात असेल, किंवा घरात आणखी कोणाच्या पेशी कमी असतील, तर ते डॉक्टरांना आपणहून सांगावे. रक्ततपासणीचे जुने कागद फेकू नयेत. पूर्वी एकदा तरी पेशी पुरेशा होत्या काय, हे त्यांवरूनच कळते.

अशा माणसाने पुढील काळजी घ्यावी:

१. अंगदुखीसाठी ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेऊ नये. ॲस्पिरिनची एक गोळीही प्लेटलेटना कित्येक दिवस निकामी करते. ताप-दुखण्यावर पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारून घ्यावे.

२. स्नायूत सुई घेण्यापूर्वी, दात काढण्यापूर्वी, शस्त्रक्रियेपूर्वी विकाराची कल्पना द्यावी. ट्रानेक्झामिक ॲसिड हे औषध डॉक्टर अशा वेळी देतात. बाहेरच्या प्लेटलेट गरजेपुरत्याच चढवतात, कारण वारंवार दिल्यास शरीर त्यांना विरोध करू लागते.

३. बाळंतपण सोयी असलेल्या इस्पितळात, आधी ठरवून करावे. बाळाच्याही पेशी कमी असू शकतात.

४. घोळणा फुटल्यास मान मागे टाकू नये. पुढे वाकून बसावे व नाकाचा मऊ भाग १० ते १५ मिनिटे चिमटीत दाबून धरावा. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये.

५. विळा, कोयता लागल्यास जखमेत हळद, माती वा तंबाखू भरू नये. स्वच्छ फडके १० मिनिटे न उचलता दाबून धरावे. रक्त न थांबल्यास तसेच दाबून दवाखाना गाठावा. झाडावरून पडल्यास किंवा डोक्याला मार लागल्यास बाहेर रक्त दिसले नाही तरी त्वरित इस्पितळात न्यावे.

रक्त फार जाऊन पंडुरोग होतो, म्हणून हिमोग्लोबिनही तपासत राहावे. दात रोज मऊ ब्रशने घासावेत.

हा विकार संसर्गजन्य नाही, कोणाच्या पापाचे फळही नाही. पुष्कळ रोगी शेतीची कामे करतात, संसार करतात. म्हणून मुलीच्या लग्नात अडचण येईल या भीतीने तो लपवू नये. लपवलेली गोष्ट तिच्या पहिल्या बाळंतपणात जिवावर बेतू शकते. विकाराचे नाव, रक्तगट व वर्ज्य औषधे लिहिलेली चिठ्ठी रोग्याने नेहमी खिशात ठेवावी आणि घरातील इतरांनीही एकदा रक्त तपासून घ्यावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.