ताळा कोण करणार?

चंद्र आकाशात कोणत्या वेळी नेमका कुठे असेल, हे सांगणारी सूत्रे बसवण्यासाठी शार्ल देलोने या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने वीस वर्षे घालवली. दहा वर्षे पदावल्यांचा विस्तार करण्यात गेली आणि पुढची दहा तेच सगळे पुन्हा तपासण्यात. १८६० आणि १८६७ साली निघालेल्या दोन जाडजूड खंडांत हे काम आहे. त्यात आकड्यांपेक्षा अक्षरांचा भरणा अधिक, म्हणजे मुळात ते बीजगणितच. १९७० साली आंद्रे देप्री आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत हेच काम संगणकाकडून नव्याने करून घेतले. संगणकाला वीसेक तास लागले. देलोनेच्या गणितात तीन चुका निघाल्या, आणि त्यांतल्या दोन पहिल्या चुकीच्याच पोटी आलेल्या होत्या. वीस वर्षांचे काम वीस तासांत झाले, एवढेच ऐकून आपण थक्क होतो. पण सिद्धांत देलोनेचाच होता, समीकरणे माणसाने मांडली होती, आणि संगणकापुढे ठेवलेले काम मुख्यतः ताळा करण्याचे होते. बीजगणित सोडवणारी सॉफ्टवेअर आता खिशातल्या फोनवर आली असताना शाळेने आणि पालकांनी नेमके हेच ध्यानात घ्यावे, असे माझे म्हणणे आहे. मधल्या पायऱ्या यंत्राकडे गेल्या की समीकरण मांडणे आणि उत्तर पारखणे या दोन कामांचे मोल वाढते. आणि आपण मुलांकडून सर्वांत कमी करून घेतो ती हीच दोन कामे.

ही सॉफ्टवेअर साध्या कॅल्क्युलेटरहून वेगळी आहेत. कॅल्क्युलेटर एकतृतीयांशाचे ०.३३३३ करतो आणि उरलेले टाकून देतो. बीजगणिताचे सॉफ्टवेअर १/३ हा अपूर्णांक तसाच जपते, √२ ला √२ च ठेवते. पदावली त्याच्या लेखी झाडासारखी असते: बुंध्याशी बेरीज, फांद्यांवर गुणाकार आणि घात, टोकांना क्ष, य आणि संख्या. नियम लावायचा म्हणजे या झाडाची एखादी फांदी काढून तिच्या जागी दुसरी बसवायची. अवयव पाडण्याची त्याची रीत तर आपल्या ओळखीची नाहीच. क्ष² − ५क्ष + ६ दिसले की नववीतला मुलगा गुणाकार ६ आणि बेरीज −५ येईल अशा दोन संख्या शोधतो. मोठ्या बहुपदीसाठी सॉफ्टवेअर सहगुणकांना एखाद्या मूळ संख्येने भागून बाकी तेवढ्या ठेवते, त्या लहानशा दुनियेत अवयव पाडते आणि मग ते खऱ्या संख्यांपर्यंत वाढवत आणते. म्हणून एखाद्या अ‍ॅपने गणिताचा फोटो घेऊन पायऱ्या दाखवल्या, तर त्या यंत्राने आतून घेतलेल्या वाटेच्या असतीलच असे नाही. पुष्कळदा त्या विद्यार्थ्याला समजाव्यात म्हणून वेगळ्या बेतलेल्या असतात.

या ताकदीचा खरा उपयोग कुठे होतो, हे एका उदाहरणावरून कळेल. क्ष² − १, क्ष³ − १, क्ष⁴ − १ असे करत पुढे जा आणि प्रत्येकाचे पूर्ण अवयव पाडा. अवयवांतले सहगुणक १, ० किंवा −१ एवढेच दिसतात. दहा उदाहरणे पाहा, पन्नास पाहा, शंभर पाहा, नियम पक्का वाटू लागतो. क्ष च्या १०५ व्या घातापाशी तो मोडतो. तिथे एकूण आठ अवयव पडतात, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्या, ४८ घातांच्या अवयवात −२ हा सहगुणक येतो. हे एकोणिसाव्या शतकात हाताने शोधले गेले होते; आज कोणीही विद्यार्थी ते एका आज्ञेत पाहू शकतो. शंभर उदाहरणे जुळली म्हणजे सिद्धता झाली नाही, ही गोष्ट यापेक्षा चांगली कुठे शिकवता येईल? वही-पेन्सिलीवर हा प्रयोग शाळेत होणारच नाही. कणभौतिकीत तर अशा साधनांवाचून काही गणितांना हात घालणेच अशक्य होते. डच शास्त्रज्ञ मार्टिनस वेल्टमन यांनी १९६३ साली त्यासाठी स्वतःच एक प्रणाली लिहिली, आणि पुढे १९९९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल त्यांना विभागून मिळाले.

मात्र यंत्राचे उत्तर म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. (क्ष² − १) भागिले (क्ष − १) दिले की सॉफ्टवेअर क्ष + १ असे सुटसुटीत उत्तर देते, आणि क्ष = १ असताना मूळ पदावलीला अर्थच नव्हता ही गोष्ट वाटेत गळून पडते. आयताची लांबी रुंदीपेक्षा ५ मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ ८४ चौरस मीटर असेल, तर रुंदी ७ आणि −१२ अशी दोन उत्तरे येतात. दोन्ही समीकरणाला लागू पडतात, पण जमिनीला एकच. शिवाय एक मर्यादा अशी आहे की ती कुठल्याही सुधारणेने जाणार नाही. साइन, घातांकी फलन आणि केवल मूल्य यांसारख्या गोष्टी एकत्र आल्या की दिलेली पदावली शून्याएवढी आहे की नाही हे प्रत्येक वेळी ठरवून देणारी सर्वसाधारण रीत असूच शकत नाही, हे डॅनियल रिचर्डसन यांनी १९६८ साली सिद्ध केले.

यावर पालक आणि शिक्षक विचारतात, की मुलांचा हातच बसला नाही तर ती पारखणार कशी? आक्षेप रास्त आहे आणि तो उडवून लावता येत नाही. ज्याने कधी कंस सोडवला नाही, पक्षांतर करताना चिन्ह चुकवले नाही, त्याला चुकीचे उत्तर खटकणार नाही. ऑस्ट्रियाचे गणिती ब्रूनो बुखबर्गर यांचा शब्द इथे वजनाचा आहे, कारण या सॉफ्टवेअरच्या गाभ्याची एक महत्त्वाची रीत त्यांनीच १९६५ च्या प्रबंधात दिली. १९९० च्या सुमारास त्यांनी सुचवलेले धोरण असे: विषय नवा असताना मुलाने सगळे हाताने करावे, म्हणजे रीतीची पेटी उघडी ठेवावी; विषय अंगवळणी पडला की तोच भाग यंत्राकडे सोपवून पुढचा विषय उघडावा. दहावीच्या वर्गाला हे सहज लागू होते. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग करून चार-सहा वेळा सोडवून झाले, सूत्र कुठून आले ते कळले, की पंचविसावे उदाहरण हाताने सोडवून नवे काही पदरात पडत नाही. तो वेळ शाब्दिक उदाहरणांना द्यावा. आज विद्यार्थी अडतो तो तिथेच.

यंत्राने पायऱ्या केल्या की बीजगणिताची प्रतिष्ठा जाते, हा दुसरा आक्षेप मला पटत नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ६१क्ष² + १ = य² हे समीकरण चक्रवाल पद्धतीने सोडवले. क्ष ची सर्वांत लहान धन पूर्णांक किंमत २२,६१,५३,९८० आहे आणि य ची १,७६,६३,१९,०४९. चक्रवाल म्हणजे ठरलेल्या पायऱ्या चाकासारख्या फिरवत नेणे. यंत्राला शिकवता येईल इतकी ती नेटकी आहे. ती रीत जुळवणे आणि ती हटकून उत्तराशी पोचवते याची खात्री पटवणे, बुद्धी तिथे खर्च होते.

तिसरी शंका नवी आहे. आता संभाषण करणारी कृत्रिम बुद्धिमत्ता शाब्दिक उदाहरणावरून समीकरणही मांडून देते, मग मांडणीचे तरी काय उरले? उरले ते असे की ही साधने चुकीची मांडणीही बरोबर मांडणीइतक्याच ठामपणे देतात. बीजगणिताचे सॉफ्टवेअर नियमांनी बांधलेले असते. भाषेवर चालणारे साधन तसे नसते. नाव प्रवाहाच्या उलट जात असताना वेग मिळवला की वजा केला, हे कुणीतरी पाहायलाच हवे.

पैशाची अडचण आता फारशी नाही. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६० च्या दशकाअखेर सुरू झालेल्या मॅकसिमा (Macsyma) प्रणालीचा वारसा सांगणारी मॅक्सिमा (Maxima) मोफत मिळते. साल्झबुर्गमध्ये २००१ साली जन्मलेले जिओजेब्रा साध्या फोनवर चालते, आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात त्याचे धडे मराठीतूनही आहेत. अडचण आहे ती प्रश्नपत्रिकेची. ‘सोडवा’ एवढेच विचारणाऱ्या प्रश्नाचे उत्तर फोन देणार आणि विद्यार्थी ते उतरवून घेणार. म्हणून गणिताच्या शिक्षकांना विनंती आहे की या वर्षी घटक चाचणीत एक प्रश्न असा घालावा: √(क्ष + २) = क्ष हे समीकरण वर्ग करून सोडवल्यावर २ आणि −१ अशी दोन उत्तरे आली, हे प्रश्नातच छापून द्यावे, आणि त्यांतले कोणते टाकायचे व ते मुळात आले कुठून, एवढेच विचारावे.