रस्ता कोणाचा, बिल कोणाला

इंग्लंडमध्ये नव्या वसाहतीत घर घेणाऱ्याला वर्षाला दोन ठिकाणी पैसे भरावे लागतात. पहिला कर काउन्सिलचा, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचा. त्याला वाटतं, रस्ता, दिवे, बाग हे सगळं त्यातच आलं. मग दुसरं बिल येतं, एका कंपनीचं. त्यात गवत कापणं, खेळाच्या जागेची तपासणी, पावसाचं पाणी साठवणाऱ्या तळ्याची सफाई, विमा, हिशेब तपासनिसाची फी आणि शेवटी हे सगळं करवून घेतल्याबद्दल कंपनीची स्वतःची फी अशा रकमा असतात. वसाहत छोटी असेल तर गवतापेक्षा कागदपत्रांवरच जास्त खर्च होऊ शकतो.

हे फ्लॅटचं बिल नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं. फ्लॅटच्या इमारतीत जिना, छप्पर, लिफ्ट सामाईक असतात, त्यामुळे तिथे सर्व्हिस चार्ज असणं साहजिकच आहे. इथे घर स्वतंत्र आहे, जमीन मालकीची आहे, सॉलिसिटरने ‘फ्रीहोल्ड’ असं लिहून दिलेलं आहे. तरीही दाराबाहेरचा रस्ता काउन्सिलचा नाही. तिथल्या स्पर्धा आयोगाने, म्हणजे कॉम्पिटिशन अँड मार्केट्स ऑथॉरिटीने, फेब्रुवारी 2024 मध्ये घरबांधणी बाजाराचा अहवाल दिला. देशातल्या 11 सर्वांत मोठ्या बिल्डरांनी 2021-22 मध्ये विकलेल्या नव्या घरांपैकी 80 टक्के घरांवर असा चार्ज आहे, असं त्यात म्हटलं आहे. सरासरी रक्कम वर्षाला 350 पौंड. रक्कम ऐकून कोणी दचकणार नाही. पण मोठं काम निघालं तर एकदम हजारोंची मागणी येऊ शकते, हेही अहवालातच आहे.

पूर्वी रिवाज वेगळा होता. बिल्डर रस्ता बांधायचा आणि 1980 च्या हायवेज अ‍ॅक्टच्या कलम 38 खाली करार करून तो काउन्सिलच्या ताब्यात द्यायचा. बागेसाठी पुढच्या देखभालीची एकरकमी रक्कम मोजली की काउन्सिल तीही घ्यायची. 2010 नंतर काउन्सिलांचं अनुदान आटलं आणि नव्या जबाबदाऱ्या अंगावर घेण्याची त्यांची हौसही संपली. बिल्डरालाही ते सोयीचं झालं. एकरकमी पैसे वाचले, आणि रस्ता काउन्सिलच्या मापाचा करण्याची सक्तीही उरली नाही. आता दोघांच्या मध्ये जे उरलं ते कोणाच्या तरी नावावर टाकायला हवं होतं. त्यासाठी कंपनी आली. कंपन्यांच्या हावरटपणावर इंग्रजी वर्तमानपत्रं भरभरून लिहितात. मला त्यांच्याइतकंच, किंबहुना जास्त, हे दोन ‘नाही’ म्हणणारे पक्ष जबाबदार वाटतात.

कंपनी मुळात वाईट कल्पना नाही. 1950 च्या दशकात वास्तुरचनाकार एरिक लायन्स यांनी स्पॅन कंपनीसाठी लंडनच्या हॅम आणि ब्लॅकहीथ भागांत बागांनी वेढलेल्या वसाहती उभारल्या. तिथली बाग राखणारी संस्था रहिवाशांचीच होती, आणि त्या वसाहती आजही नावाजल्या जातात. सध्याच्या बहुतेक करारांत मात्र कंपनी सुरुवातीला बिल्डरच्या माणसांच्या हातात असते. एका प्रकारात शेवटचं घर विकल्यावर ती रहिवाशांकडे येते. मग त्यांच्यातलेच चारजण संध्याकाळी हिशेब घेऊन बसतात आणि काम पसंत नसेल तर देखभाल करणारा एजंट बदलू शकतात. दुसऱ्या प्रकारात कंपनीचं नाव खरेदीखतातच कोरलेलं असतं. रहिवासी तिचे सभासद नसतात आणि तिला काढण्याचा मार्गही नसतो.

आता प्रश्न असा, की घर एकाकडून दुसऱ्याकडे गेलं तर नव्या मालकाला हे देणं का लागू व्हावं? इंग्लंडच्या कायद्यात ‘हे करू नकोस’ ही अट जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. ‘हे कर, पैसे भर’ ही अट जात नाही. सॉमरसेटमधल्या एका जुन्या घराच्या मालकाने शेजारच्या कॉटेजवरचं छप्पर दुरुस्त ठेवण्याचं वचन दिलं होतं. घराचे पुढचे मालक त्याला बांधील नाहीत, असा निकाल हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1994 मध्ये दिला. गळक्या छपराची ती कथा आज हजारो वसाहतींच्या कागदपत्रांमागे उभी आहे. वकिलांनी यातून पळवाट काढली ती रेंटचार्जची, म्हणजे जमिनीवरच बसवलेल्या आकारणीची. 1977 च्या कायद्याने नवे रेंटचार्ज बंद केले, पण वसाहतीच्या देखभालीसाठीचे चालू ठेवले. शिवाय भूमी नोंदणीत अशी अट घालतात, की कंपनीने दाखला दिल्याशिवाय घराची विक्री नोंदवता येणार नाही. त्या दाखल्याचीही फी असते.

रेंटचार्जला दात आहेत ते 1925 च्या मालमत्ता कायद्याच्या कलम 121 मुळे. थकबाकी 40 दिवसांवर गेली की आकारणी करणाऱ्याला घराचा ताबा घेण्याचा किंवा त्यावर लीझ बसवण्याचा अधिकार मिळतो. 2016 मध्ये अपर ट्रायब्युनलपुढे जे प्रकरण आलं, त्यात वर्षाला 6 ते 15 पौंडांच्या थकबाकीवरून 99 वर्षांची लीझ बसवली गेली होती, आणि ती नोंदवता येते असाच निकाल लागला. कर्ज देणाऱ्या बँका तेव्हापासून ही कलमं भिंग लावून वाचतात. 24 मे 2024 रोजी, निवडणुकीसाठी संसद उठता उठता, लीझहोल्ड अँड फ्रीहोल्ड रिफॉर्म अ‍ॅक्टला मंजुरी मिळाली. जुन्या, नुसत्या उत्पन्नासाठीच्या रेंटचार्जवरचा हा अधिकार त्याने काढून घेतला. वसाहतीच्या देखभालीचे रेंटचार्ज मात्र त्या तरतुदीत बसले नाहीत. चार्ज वाजवी असावा आणि वाद ट्रायब्युनलपुढे नेता यावा, ही कलमं त्याच कायद्यात आहेत, पण ती मंजुरीच्या दिवशी लागू झाली नाहीत.

आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र 1963 च्या मोफा कायद्याने बिल्डरवर सोसायटी स्थापन करण्याचं आणि जमीन तिच्या नावे करून देण्याचं बंधन घातलं. कन्व्हेयन्स अडवून ठेवणारे बिल्डर इथे पुष्कळ आहेत, म्हणून तर डीम्ड कन्व्हेयन्सची तरतूद आणावी लागली. तरी सेक्रेटरी आवडला नाही तर सर्वसाधारण सभेत भांडून त्याला बदलता येतं. इंग्लंडमध्ये दुसऱ्या प्रकारच्या वसाहतीत नवं घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांना हे भांडण करायला जागाच सापडत नाही, आणि काउन्सिल टॅक्समध्ये मात्र एका पेनीचीही सूट नसते. बागेत बाहेरचा कोणीही येऊन बसू शकतो, कारण ती सगळ्यांना खुली ठेवणं बऱ्याचदा बांधकाम परवानगीच्या अटींतच असतं.

स्पर्धा आयोगाने सुचवलं आहे की नव्या वसाहतींचे रस्ते, बागा काउन्सिलांनी ताब्यात घेणं सक्तीचं करावं आणि त्यासाठी देशभर एकच माप ठरवावं. हे झालं तरी आधीच बांधलेल्या वसाहतींना त्याचा लगेच फायदा नाही. तिथला रस्ता मापात बसत नसेल तर आधी तो खणून नीट करावा लागेल, आणि त्याचा खर्च बिल्डरने, काउन्सिलने की पुन्हा त्याच रहिवाशांनी करायचा, हा वाद आता सुरू झाला आहे.