फाइल आपली, किल्ली कुणाची?

आपण सहज म्हणतो, ‘व्हिडिओ माझ्याकडे आहे.’ खरं तर संगणकात असतात फक्त आकडे. एमपी४ हा नुसता डबा. आतलं चित्र आणि आवाज कोडेकच्या नियमांनी दाबून भरलेले असतात. ते नियम जाणणारा प्रोग्राम नसेल, तर डबा हाती असूनही आपण उपाशीच! फ्लॅशचंच बघा ना. २०२०च्या अखेरीस अडोबी कंपनीने ते बंद केलं आणि त्यात बनवलेले कितीतरी खेळ, धडे ब्राउझरमध्ये उघडेनासे झाले. उलट, पॅरिसच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून निघालेला व्हीएलसी २००१पासून मुक्त परवान्याखाली आहे. बहुतेक कोडेक तो सोबतच आणतो, मग विंडोज असो की लिनक्स. म्हणून आम्ही म्हणतो, संगणक कुठलाही घ्या. पण आईचा आवाज जपायचा असेल, तर ज्याचे नियम सर्वांना खुले आहेत अशाच स्वरूपात ठेवा.